चिकुनगुनिया उलटून चार महिने झाले, सांधे अजून धरलेले : आईची ‘इम्युनिटी वाढवावी’ का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही डिचोली तालुक्यातले, आई ५६ वर्षांच्या. चवथीच्या तोंडावर त्यांना चिकुनगुनिया झाला, आयजीएम तपासणी (ताज्या संसर्गात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांची) पॉझिटिव्ह आली, ताप पाच दिवसांत उतरला. आता डिसेंबर उजाडला तरी दोन्ही मनगटे, बोटांची पेरे आणि घोटे दुखतात. सकाळी आदोळीवर बसून नारळ खवणता येत नाही, दहा-अकरा वाजले की जमते. ऑक्टोबरमध्ये सीआरपी (रक्तातली दाहाची एक खूण) २.४ होता, आता दुसऱ्या लॅबमध्ये ११ आला, म्हणून घरचे सगळे घाबरले आहेत. ईएसआर दोन्ही वेळा पन्नाशीच्या आसपास, हिमोग्लोबिन १०.२, साखर काठावर. शेजारच्यांच्या सांगण्यावरून अमृतवेलीचा काढा चालू आहे, कोणीतरी मासे बंद करायला लावले आहेत, आणि एका ओळखीच्याने सांध्यांसाठी पुड्या आणून दिल्या आहेत, त्या अजून घेतलेल्या नाहीत. तुम्ही विचारता, आईची इम्युनिटी कमी पडली म्हणून हे दुखणे रेंगाळले का, आणि ती वाढवायला काय द्यावे?

मी रोगप्रतिकारशास्त्रात संशोधन करते. गेली २२ वर्षे माझा दिवस रक्तातल्या पांढऱ्या पेशींबरोबर जातो, आणि त्यातली बरीचशी वर्षे गोव्यातल्या तापाच्या रुग्णांच्या नमुन्यांवर काम करण्यात गेली. रुग्ण तपासून औषध लिहून देणे हे माझे काम नव्हे. त्यामुळे कोणती गोळी, किती दिवस, हे मी सांगणार नाही. पण आईच्या सांध्यांत काय चालले असावे, त्यावरून कोणती वाट धरावी आणि कोणत्या वाटेला मुळीच जाऊ नये, एवढे मला नक्की सांगता येईल.

आईची इम्युनिटी कमी पडलेली नाही. चिकुनगुनियाचा विषाणू रक्तातून साधारण आठवड्याभरात हटतो. तो हटवला कोणी? त्यांच्याच पेशींनी आणि प्रतिपिंडांनी. आयजीएम पॉझिटिव्ह आले ते त्यामुळेच. आज आयजीजी, म्हणजे नंतर टिकून राहणारी प्रतिपिंडे, तपासले तर तेही सापडेल, आणि हा आजार एकदा झालेल्याला सहसा पुन्हा होत नाही तो त्याच्या जोरावर. तुमच्या घरातली अडचण उलट बाजूची आहे. सुरू झालेले काम आटोपलेले नाही.

माझे आजोळ चोडण बेटावरचे. तिथल्या खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीच्या, बांधात मानस असते, म्हणजे पाण्याचे दार. ओहोटीला शेतातले पाणी बाहेर जाते, भरती चढली की दार पाण्याच्याच दाबाने मिटते. दार वेळेवर उघडले आणि वेळेवर मिटले तर भात पिकते. ते मध्येच अडकून राहिले की खारे पाणी आत साचते आणि उभे पीक करपते. अशा वेळी गावात कोणी पाण्याचा जोर वाढवा म्हणत नाही, सगळे मानशीकडे धावतात. प्रतिकारयंत्रणेचे मला तसेच वाटते. तिच्यात जोर किती आहे याहून दार वेळेवर हलते आहे का हे बघावे लागते.

आता त्या सीआरपीचा घोर आधी मिटवू. तुम्ही दोन्ही रिपोर्टांचा मजकूर उतरवून दिला आहे, त्यात आकड्याशेजारचे एकक बघा. पहिल्या लॅबने मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर लिहिले आहे, दुसरीने मिलिग्रॅम प्रति लीटर. डेसिलीटर म्हणजे लीटरचा दहावा भाग. तेव्हा पहिल्या लॅबचे २.४ हे दुसरीच्या हिशेबात २४ होतात. २४ वरून ११. सीआरपी चौपट झालेला नाही, निम्म्याहून खाली आला आहे. हा घोटाळा मी इतक्यांदा पाहिला आहे की आता कोणी रिपोर्ट पुढे केला की माझी नजर आकड्याआधी एककावर जाते. पुढची तपासणी शक्यतो एकाच लॅबमध्ये करा.

सीआरपी म्हणजे काय तेही सांगते, कारण त्याच्यावर रोगाचे नाव लिहिलेले असते असे पुष्कळांना वाटते. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्युमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन सापडले. न्युमोनियाच्या जंतूवरच्या ‘सी’ नावाच्या शर्करेला ते चिकटत होते, म्हणून नाव सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन. ते यकृतात तयार होते. शरीरात कुठेही दाह, म्हणजे सूज, लाली, ठणका आणणारी प्रतिकारयंत्रणेची धावपळ, सुरू झाला की तिथल्या पेशी इंटरल्युकिन-६ नावाचा संदेश रक्तात सोडतात, तो यकृताला पोचला की सहा-आठ तासांत सीआरपी वाढू लागते आणि दोनेक दिवसांत शिगेला पोचते. संदेश थांबला की दर १९ तासांनी ते निम्मे होत जाते. म्हणजे सीआरपी आजची गोष्ट सांगते, मागच्या महिन्याची नव्हे. दाह कुठे आहे आणि कशामुळे, हे मात्र ते सांगत नाही. दात सुजला तरी वाढते, अंगात चरबी जास्त असली तरी थोडे वर राहते. ११ म्हणजे काहीतरी अजून धुमसते आहे, पण भडका नाही.

ईएसआर तेवढाच राहिला म्हणून हवालदिल होऊ नका. त्या तपासणीत रक्त उभ्या नळीत ठेवून तासाभरात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसतात ते मोजतात. दाह असला की रक्तात फायब्रिनोजेन वाढते, त्यामुळे लाल पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि लवकर खाली बसतात. हे प्रथिन सावकाश कमी होते. शिवाय रक्तक्षय असला, वय वाढले की ईएसआर तसाही चढतो. आईचे हिमोग्लोबिन १०.२ आहे, तेव्हा पन्नासातला काही वाटा रक्तक्षयाचाच असणार. आणि तो रक्तक्षय पुन्हा काही अंशी दाहामुळेही असू शकतो : इंटरल्युकिन-६ यकृताकडून हेपसिडिन नावाचे संप्रेरक तयार करून घेते आणि ते शरीरातले लोह कोठारात अडवून ठेवते. म्हणून लोहाच्या गोळ्या परस्पर सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोला. फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन, तपासले तर तेही दाहात फुगलेले दिसते, हे ध्यानात असू द्या.

आकड्यांवर मी इतके का थांबते आहे? बारा-तेरा वर्षांपूर्वी आम्ही तापाच्या रुग्णांचे आणि निरोगी माणसांचे रक्त तुलनेसाठी जमवत होतो. निरोगी माणसे आमच्याच परिसरातली, त्यांचे रक्त तासाभरात बाकावर यायचे. रुग्णांचे नमुने सत्तरीतून, सांग्याकडून, पावसातल्या रस्त्यांवरून येईपर्यंत दुपार कलायची. रुग्णांत इंटरल्युकिन-८, हाही दाहाचाच एक संदेश, कितीतरी पट जास्त दिसले. सगळे खूश होतो. मग एका विद्यार्थिनीने वहीत नमुना पोचल्याची वेळ आणि आकडा शेजारी शेजारी मांडले, आणि आमचा आकडा घड्याळाबरोबर चढत होता हे स्पष्ट झाले. आम्ही आमचेच रक्त काढले, चार नळ्यांत वाटले आणि एक, दोन, चार, सहा तास बाकावर तसेच ठेवले. आजारी कोणीच नव्हते, तरी आकडा वाढत गेला. नळीतल्या पेशी जिवंत असतात, काचेला, प्लास्टिकला, उशिराला त्या प्रतिसाद देतात. त्या वर्षीचे सगळे निष्कर्ष आम्ही टाकून दिले. चूक माझी होती, नमुने आणण्याची आखणी मी केली होती. तेव्हापासून एकट्या आकड्यावरून कोणाच्या शरीराबद्दल मत बनवायचे नाही, हे मी पाळते.

मग भरवसा कशावर ठेवावा? तुम्हीच लिहिलेल्या आदोळीवर. सकाळी नारळ खवणता येत नाही, अकराला येतो, ही ओळ मला दोन्ही रिपोर्टांपेक्षा मोलाची वाटली. झिजलेला सांधा वापराने दुखतो, संध्याकाळी जास्त, विश्रांतीने बरा. दाह असलेला सांधा उलट वागतो. रात्रभर स्थिर राहिला की आखडतो, आणि हालचाल करता करता सैल होतो. सकाळचे आखडणे अर्ध्या तासाच्या वर, तासभर आणि जास्त टिकत असेल तर दाहाकडे बोट दाखवते. आईचे तर चार-चार तास टिकते आहे.

दाह ही वाईट गोष्ट आहे असे मात्र समजू नका. १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना गावी मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा खुपसला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडला होता. १९०८ चे नोबेल त्यांना पॉल एर्लिख यांच्यासोबत मिळाले. त्यांनी जे पाहिले तेच आपल्या अंगात काटा रुतला, विषाणू शिरला की घडते. रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून जागा लाल आणि गरम, त्यांतून पाणी झिरपते म्हणून सूज, मज्जातंतू हळवे होतात म्हणून ठणका. पहिली फळी न्यूट्रोफिल पेशींची. आपली हाडे त्या दिवसाला १०० अब्जांच्या घरात तयार करतात आणि रक्तात त्या एखादा दिवसही टिकत नाहीत. त्यांच्यातली रसायने जहाल असतात. त्यांतले एक तर आपण फरशी पुसायला वापरतो त्या ब्लीचच्या जातीचे. जंतू मरतो, पण आजूबाजूच्या आपल्याच उतींनाही झळ लागते. म्हणून हे काम थोड्या वेळात उरकावे लागते.

आवराआवर कशी होते हे मी प्रयोगशाळेत रोज बघते, आणि इतक्या वर्षांनंतरही ते बघताना मला तितकाच आनंद होतो. रक्त फायकॉल नावाच्या घट्ट द्रावावर अलगद ओतून अर्धा तास फिरवले की लाल पेशी तळाशी बसतात आणि मध्ये पांढुरके, दुधाच्या सायीसारखे कडे तरंगते. त्यातल्या मोनोसाइट पेशी आठवडाभर वाढवल्या की मॅक्रोफेज होतात : पसरट, हातपाय काढणाऱ्या. त्यांच्यावर मेलेले न्यूट्रोफिल सोडायचे. तासाभरात मॅक्रोफेजच्या पोटात गोल गोल दाणे दिसू लागतात, मेलेले न्यूट्रोफिल गिळलेले. दुसऱ्या दिवशी वरचा द्राव काढून ९६ खळ्यांच्या ताटलीत टीएनएफ मोजायचे. हा दाह पेटवणारा संदेश. खळीचा रंग जितका गर्द तितका तो जास्त. ज्या मॅक्रोफेजना नुसते जंतूचे तुकडे दिले, त्यांच्या खळ्या गर्द पिवळ्या. ज्यांनी सोबत मेलेले न्यूट्रोफिल खाल्ले, त्यांच्या खळ्या फिक्या. तीच पेशी, तेच जंतूचे तुकडे, आणि आवरायचे काम हाती आल्यावर तिने ओरडणे थांबवले. उलट ती आता दाह शमवणारे आणि जखम भरणारे संदेश सोडू लागते. हार्वर्डचे चार्ल्स सेरहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की अशा वेळी पेशी दाह उतरवणारी खास रेणूंची फळी तयार करतात, त्यांतल्या काहींना त्यांनी रिझॉल्विन नाव दिले. दाह आपोआप विझत नाही, तो उतरवावा लागतो.

चिकुनगुनियात ही उतरती बाजू रेंगाळते. नावच बघा : पूर्व आफ्रिकेतल्या, आजच्या टांझानियातल्या माकोंडे लोकांच्या भाषेत त्याचा अर्थ वाकवून टाकणारे. १९५२ साली तिथे या तापाची साथ आली तेव्हा तो पहिल्यांदा ओळखला गेला. आपल्याकडे १९७३ मध्ये बार्शीत साथ आली, मग तीसेक वर्षे सामसूम, आणि २००५-०६ पासून तो पुन्हा आला तो राहिलाच. हा विषाणू सांध्याच्या अस्तरातल्या पेशींत आणि मॅक्रोफेजमध्ये शिरतो. तो मेल्यानंतरही सांध्यात दाह का टिकतो यावर मतभेद आहेत. रियुनियन बेटावरच्या साथीनंतर एका रुग्णाच्या सांध्याच्या अस्तरात दीड वर्षाने विषाणूच्या आरएनएचे, म्हणजे त्याच्या जनुकीय साहित्याचे, अवशेष सापडले. कोलंबियातल्या रुग्णांच्या सांध्यांतले पाणी दोनेक वर्षांनी तपासले तेव्हा विषाणूचा मागमूस नव्हता, दुखणे मात्र होते. मला वाटते दोन्ही घडत असावे : काहींत अवशेष उरतात आणि पेशींना डिवचत राहतात, काहींत अवशेष जाऊनही सांध्यातल्या टी पेशींची (याही पांढऱ्या पेशीच) आणि मॅक्रोफेजची बैठक मोडत नाही. चाळिशीपुढच्या बायका, सुरुवातीलाच खूप सांधे धरलेले, आधीची संधिवाताची किंवा मधुमेहाची तक्रार, अशांत हे जास्त दिसते. तीन महिन्यांच्या पुढे गेले की त्याला जुनाट टप्पा म्हणतात. आई त्यात आहेत. बहुतेकांचे हळूहळू ओसरते, पण कोणाचे दोन महिन्यांत आणि कोणाचे दोन वर्षांत, हे माणसागणिक बदलते आणि तुमच्या लिहिण्यावरून मला ते ठरवता येणार नाही.

इथवरचे एका दमात सांगायचे तर : विषाणूवर मात झाली आहे, दाह कमी होतो आहे पण संपलेला नाही, आणि सांध्यांचे वागणे दाहाचेच आहे. आता ‘वाढवण्या’विषयी.

प्रतिकारयंत्रणेला खरोखर सरसकट जोर दिला तर काय होते, याचे एक उदाहरण माझ्या क्षेत्रातले कोणीच विसरू शकत नाही. मार्च २००६, लंडन. टीजीएन१४१२ नावाचे, टी पेशींना चेतवणारे एक नवे औषध सहा धडधाकट तरुणांना चाचणीत दिले. प्राण्यांत सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या पाचशेवा भाग. दीड तासात डोकेदुखी, अंगदुखी, ताप, मग एकेक अवयव कोलमडू लागला. सहाही जण अतिदक्षता विभागात गेले. सगळे वाचले, पण जे सोसले ते भयंकर होते. जंतू एकही नव्हता, सगळे नुकसान त्यांच्याच पेशींनी केले.

बाजारातल्या ‘इम्युनिटी बूस्टर’मध्ये एवढी ताकद नसते. पण ज्या आईच्या सांध्यांत आधीच पेशींची गर्दी हटत नाही, त्यांच्यासाठी आपण ‘बूस्ट’ मागतो आहोत, एवढे तरी लक्षात घ्या. अमृतवेलीबद्दल, म्हणजेच गुळवेलीबद्दल, वेगळे सांगते, कारण गोव्यात ती दर दुसऱ्या कुंपणावर चढलेली असते आणि तिच्यावर लोकांची श्रद्धा आहे. २०२२ मध्ये भारतातल्या अनेक रुग्णालयांतल्या यकृततज्ज्ञांनी मिळून गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या बऱ्याच जणांत प्रतिकारयंत्रणाच यकृतावर उलटल्याची चिन्हे होती. आयुष मंत्रालयाचे म्हणणे असे की नीट ओळखलेली गुळवेल सुरक्षित आहे आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जातीच्या वेलीमुळे असे होऊ शकते. मी म्हणते, कुंपणावरची वेल कोणत्या जातीची हे घरात ओळखणार कोण? आणि पुढे आईला ज्या गोळ्या लागू शकतात त्यांतल्या काहींचा भार यकृतावरच पडतो. काढा आज थांबवा, किती दिवस दिला ते डॉक्टरांना सांगा आणि यकृताची तपासणी करून घ्या. घाबरून नव्हे, माहीत असावे म्हणून.

पुड्यांना मात्र हात लावू नका. नाव नसलेल्या, घटक न छापलेल्या सांधेदुखीच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असल्याचे पुन:पुन्हा आढळले आहे. दोन दिवसांत आई टुणटुणीत चालू लागतील आणि तुम्हाला तो चमत्कार वाटेल. मग तोंड सुजेल, काठावरची साखर काठ ओलांडेल, रक्तदाब चढेल. मध्येच पुड्या संपल्या तर आणखी धोका, कारण बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की शरीर स्वतःचे बनवणे कमी करते, आणि ते अचानक तोडले तर माणूस कोसळू शकतो. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

स्टेरॉइड वाईट औषध आहे असे मी म्हणत नाही. कोविडमध्ये २०२० साली ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोनने ऑक्सिजनवर आणि व्हेंटिलेटरवर असलेल्यांचे मृत्यू कमी केले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही. औषध तेच, माणसे वेगळ्या टप्प्यावर. विषाणू अंगात वाढत असताना दाह दाबणे आणि विषाणू गेल्यावर उरलेला दाह दाबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणूनच तापाच्या पहिल्या दिवसांत चिकुनगुनिया आहे की डेंग्यू, हे पक्के होईपर्यंत पॅरासिटामॉलवर भागवतात आणि अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन टाळतात. डेंग्यूत या गोळ्यांमुळे रक्तस्राव वाढू शकतो. आज चार महिन्यांनी ती अडचण उरलेली नाही. आता पोट, किडनी, रक्तदाब हे प्रश्न समोर येतात, आणि ते आईला प्रत्यक्ष तपासणाराच ठरवील.

तुम्ही संधिवाततज्ज्ञाला दाखवा असे मी आग्रहाने सांगते. जवळ कोणी नसेल तर बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) मेडिसिन ओपीडीतून सुरुवात करा. तिथे आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या आमवाताच्या रक्ततपासण्या बहुधा सांगतील, हातांचा एक्स-रे कदाचित. कारण चिकुनगुनियानंतरचा सांध्यांचा दाह आमवातासारखा हुबेहूब दिसू शकतो, आणि कधी कधी आधीपासून दबा धरून बसलेला आमवात या तापानंतर उघड होतो. दोन्हींचा पुढचा प्रवास वेगळा. दाह खरोखर टिकून आहे असे दिसले तर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, मेथोट्रेक्सेट यांसारखी औषधे निघतील. केरळमधल्या एका चाचणीत, जी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, एकट्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनपेक्षा तीन औषधे एकत्र दिलेल्या रुग्णांचे सांधे जास्त सुधारले. तरी या आजारावरच्या चाचण्या थोड्या आहेत, आणि डॉक्टर आधी सौम्य वाट धरून पाहतील तर ते चुकीचे नाही. मेथोट्रेक्सेट मिळाले तर एक गोष्ट कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहा : ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोजची गोळी समजून घेतल्याने माणसे दगावली आहेत.

काही गोष्टींत मात्र अपॉइंटमेंटची वाट बघू नका. एकच सांधा अचानक लालबुंद, गरम आणि सोबत ताप, डोळा लाल होऊन दुखणे, पायांत मुंग्या येऊन ताकद कमी वाटणे, वजन झपाट्याने उतरणे. यांतले काही दिसले तर त्याच दिवशी दाखवा.

मासे बंद करण्याचे कारण मला दिसत नाही. गोव्यातल्या माणसाला चार महिने हुमणाशिवाय जेवायला लावणे ही शिक्षाच आहे, आणि इथे तिचा उपयोगही नाही. युरिक अॅसिडचा वात असता तर गोष्ट वेगळी असती, तो निराळा आजार आहे. उलट बांगडा आणि तारले यांत जी ओमेगा-३ स्निग्धाम्ले असतात, त्यांच्यापासूनच पेशी वर सांगितलेले रिझॉल्विन बनवतात. बांगडा खाल्ल्याने सांधे बरे होतील असे मी म्हणणार नाही, तेवढा पुरावा नाही. पण आईच्या ताटातून तो काढून घेऊ नका. सोलकढीही चालेल, आंबटाने सांधे धरतात याला आधार नाही. साखर काठावर आहे म्हणून गोडाला आणि वजनाला आवर घाला. पोटाची चरबी स्वतः टीएनएफ सोडते, हे १९९३ पासून माहीत आहे, तेव्हा दोन-चार किलो उतरले तरी त्याचा फायदा सांध्यांना होऊ शकतो.

घरातल्या बाकीच्यांना अजून झालेला नसेल तर परसातली पाण्याची भांडी, फेकलेल्या करवंट्या, जुने टायर आठवड्यातून एकदा रिकामे करा. एडिस डास दिवसा चावतो, रात्रीची मच्छरदाणी त्याला पुरत नाही.

डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टांबरोबर एक वही न्या. उद्यापासून रोज दोनच गोष्टी लिहा : आई किती वाजता उठल्या, आणि बोटे किती वाजता नीट मिटली. दोन आठवड्यांच्या त्या नोंदी डॉक्टरांना सीआरपीच्या दोन आकड्यांपेक्षा जास्त सांगतील, आणि औषध सुरू झाल्यावर ते लागू पडते आहे का, हेही त्याच वहीत आधी दिसेल. हात अगदी स्थिर ठेवायला सांगू नका. दुखेपर्यंत ताणायचे नाही, पण उठल्यावर कोमट पाण्यात दहा मिनिटे बोटे मिटत-उघडत राहिल्या तर आखडलेपण लवकर सुटते. नारळ सध्या तुम्ही खवणा. अकरा वाजता त्यांना हात चालवावासा वाटला तर एखादी कवड त्यांच्यासाठी ठेवा.